पोटातले कावळे गप्प झाले, आता जेवायचं कसं? वजनाच्या इंजेक्शनवर असताना ताटात काय हवं

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ भारतात आलं. अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना, आठवड्याला एक. जूनमध्ये ‘वेगोवी’ आलं, डिसेंबरमध्ये ‘ओझेम्पिक’. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वेगोवी आणि ओझेम्पिकमधल्या मूळ औषधाच्या, भारतातल्या पेटंटची मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांना तेच औषध बनवून विकण्याचा मार्ग मोकळा झाला. याच कुळातलं जुनं औषध लिराग्लुटाइड. त्याची स्वस्त आवृत्ती ‘लिराफिट’ जानेवारी २०२४ मध्येच बाजारात आली होती, तीही अंधेरीत चकाल्याला मुख्यालय असलेल्या ग्लेनमार्ककडून.

म्हणजे आता हा फक्त सिनेमावाल्यांचा विषय राहिलेला नाही. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या साध्या नोकरदार घरांतही फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, हे पेन दिसू शकतं.

सुई कशी टोचायची हे डॉक्टर दोन मिनिटांत दाखवतात. खाण्याबद्दल मात्र अनेकांच्या हाती एकच वाक्य पडतं: “तेलकट कमी करा, प्रोटीन वाढवा.” सकाळी आठची लोकल, दुपारी ऑफिसात डबा, रात्री साडेनऊला घरी, असा दिवस असणाऱ्या माणसाने या वाक्याचं नेमकं करायचं काय?

भूक जाते म्हणजे काय होतं?

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला “पुरे” असा निरोप देतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत नष्ट होतं. औषधातली त्याची नक्कल मात्र आठवडाभर टिकते. मौंजारोमधलं टिरझेपाटाइड जीएलपी-१ च्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

याचा अनुभव दोन प्रकारे येतो. एक, डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबते. दुपारी चार वाजता समोसा आठवत नाही, फ्रीज उघडून उभं राहणं बंद होतं. दुसरं, चार घासांत पोट भरतं आणि ते भरलेपण तासन्‌तास जात नाही. यातली पहिली गोष्ट सुखाची आहे. दुसरी मात्र नीट हाताळली नाही तर त्रासाची होते.

ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात. वजनासाठी ती साधारणपणे बीएमआय ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब असा जोडीचा आजार असेल, तेव्हा दिली जातात. लग्नाआधी चार किलो उतरवण्यासाठी ती नाहीत. हा लेख डॉक्टरांनी औषध सुरू करून दिलेल्यांसाठी आहे.

कमी खाल्लं की वजन उतरतंच, मग अडचण कुठे?

अडचण अशी की काटा फक्त किलो दाखवतो, ते किलो कशाचे हे दाखवत नाही.

सेमाग्लुटाइडवरच्या ‘स्टेप-१’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. त्यातल्या काही जणांची शरीररचना स्कॅनने मोजली गेली, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हताच. तो चरबी सोडून उरणाऱ्या शरीराचा होता आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. टिरझेपाटाइडच्या चाचणीत हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश होतं. कुठल्याही मार्गाने वजन उतरवलं तरी थोडे स्नायू जातातच. पण इथे खाणं इतकं घटतं की काळजी घेतली नाही तर हा तोटा वाढतो.

आणि आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार आहे. त्यासाठी पुण्याचं एक उदाहरण पाहायला हवं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघे एकाच मापाचे. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. ती बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, सरासरी २.७ किलोच्या आसपास. तूट होती ती मुख्यतः स्नायूंमध्ये, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, असा हा आपला देशी बांधा.

थोडक्यात, स्नायूंची शिल्लक आपल्या खात्यात मुळातच कमी. त्यातून रोज थोडे काढत गेलो तर सहा महिन्यांनी पँट सैल होते खरी, पण रेल्वे पुलाचा जिना चढताना मांड्या भरून येतात, पिशवी उचलताना हात थरथरतो. पन्नाशीच्या पुढे तर हे भरून काढणं आणखी अवघड जातं.

म्हणून या औषधावर असताना खाण्याचा पहिला प्रश्न “किती कमी खाऊ?” हा उरत नाही. ते काम औषध करतंच. प्रश्न असा की जे पाच-सहा घास पोटात जाणार आहेत, ते कशाचे असावेत.

प्रोटीनचा घरगुती हिशेब

आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरत असताना आहारतज्ज्ञ बहुधा किलोमागे १ ते १.५ ग्रॅमपर्यंतचं लक्ष्य देतात. तुमचा आकडा कोणता, हे त्यांनाच विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं मनाने अजिबात वाढवायची नाहीत. समजा लक्ष्य ६० ते ७० ग्रॅमचं आहे. ऐकायला सोपं वाटतं. आता आपला नेहमीचा दिवस मोजू.

एक बशी कांदेपोहे: ४ ग्रॅमच्या आसपास, शेंगदाणे सढळ असतील तर थोडे जास्त. वाटीभर पातळ आमटी: ४ ते ५. साबुदाणा जवळपास शून्य, खिचडीत जे काही प्रोटीन आहे ते दाण्याच्या कुटाचं. चहा-बिस्किट नगण्य. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा असतो, प्रथिनांचा जेमतेम १२ टक्के. भरपेट जेवूनही हे असं. त्याच ताटाचा अर्धा भाग केला तर प्रोटीनही निम्म्यावर येतं. “मी तेच खाते, फक्त कमी” ही पद्धत म्हणूनच इथे फसते.

आता दुसरी बाजू. दोन अंडी म्हणजे १२ ते १३ ग्रॅम. १०० ग्रॅम बांगडा किंवा चिकन म्हणजे साधारण २०. वर्सोव्याच्या बाजारातून घरी मासे येत असतील तर तुमचं अर्धं काम झालं, फक्त तळण्याऐवजी तव्यावर कमी तेलात भाजा किंवा पातळ तिखलं करा.

शाकाहारी लोकांना जरा जुळवाजुळव करावी लागते, पण जमतं. सकाळी ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, ९ ग्रॅम. मधल्या वेळी पेलाभर दूध, ६. दुपारी मटकीची उसळ (३५ ग्रॅम कोरडी मटकी), ७, आणि सोबत वाटीभर दही, ५. चार वाजता मूठभर फुटाणे, ६. रात्री ८० ग्रॅम पनीर, १५. कधी उसळीत २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या टाकल्या तर आणखी १३. बेरीज ६० च्या वर जाते आणि यात पोळी-भाताचं प्रोटीन अजून धरलेलंच नाही. सगळे आकडे अंदाजाचे आहेत. तराजू घेऊन बसायची गरज नाही, एक-दोन आठवडे लिहून ठेवलं की नजर तयार होते.

प्रोटीन पावडरबद्दल हमखास विचारलं जातं. औषध तीव्र असलेल्या आठवड्यांत, घास गिळवत नाही तेव्हा, दुधातून किंवा ताकातून घेतलेली साधी पावडर उपयोगी पडू शकते. पण डबाभर पावडर आणून जेवणाला सुट्टी देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि दाण्याची चिक्की ‘प्रोटीन’ म्हणून खाणाऱ्यांना एवढंच सांगेन की तिच्यातला गूळही मोजा.

डबा उघडण्याचा क्रम

चार कप्प्यांचा डबा आपण कसा खातो? आधी पोळी-भाजी, मग भात-आमटी, उसळ किंवा दही कडेला. औषधावर असताना पहिली पोळी संपेपर्यंत पोट भरलेलं असतं आणि उसळीचा कप्पा तसाच घरी परत जातो.

म्हणून क्रम उलटा करायचा. सुरुवात उसळ, अंडं, पनीर किंवा मासा असं जे काही असेल त्याने. मग भाजी-कोशिंबीर. मग अर्धी किंवा चतकोर पोळी. भात जागा उरली तर. डबा भरतानाच पोळ्या तीनवरून एकावर आणा आणि मोठा कप्पा उसळीला द्या, म्हणजे टाकून देण्याची वेळच येत नाही. आपल्याकडे पानात टाकणं हा गुन्हा मानला जातो. त्यामुळे कित्येक जण पोट नको म्हणत असतानाही शेवटचे घास ढकलतात आणि या औषधावर ते दोन घास पुढचे चार तास छळतात.

दुपारचं जेवण दिवसातलं मुख्य जेवण करता आलं तर उत्तम. कारण रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं होणं, हा उपनगरांचा नाइलाज. जठर आधीच मंद चालतंय, त्यात आडवं पडलं की जळजळ आणि आंबट पाणी घशाशी. रात्री उशीर होणारच असेल तर सहा-साडेसहाला ऑफिसमध्येच काहीतरी भरीव खाऊन घ्या आणि घरी वाटीभर मूगडाळीची मऊ खिचडी, पिठलं किंवा ताकातली कढी एवढ्यावर भागवा.

आणखी एक: भूक लागण्याची वाट पाहू नका. भूक लागणारच नाही. घड्याळ बघून खायचं, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, हळू चावून. घास खाली ठेवून श्वास घ्यायचा. पोट भरल्याचा निरोप येतो तेव्हा थांबायचं. तो निरोप या दिवसांत लवकर आणि जोरात येतो.

मळमळ, करपट ढेकर आणि लोकलची गर्दी

स्टेप-१ चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना मळमळ झाली, सुमारे २५ टक्क्यांना उलट्या, २३ टक्क्यांना बद्धकोष्ठता आणि ३१ टक्क्यांना जुलाब. बहुतेकांना हा त्रास सौम्य किंवा मध्यम होता. तो सहसा सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढला की डोकं वर काढतो. म्हणूनच डोस टप्प्याटप्प्याने चढवतात: सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून, टिरझेपाटाइड अडीचपासून, प्रत्येक टप्पा किमान चार आठवड्यांचा. “फरक दिसत नाही” म्हणून स्वतःच डोस वाढवणं हा मळमळीचा सर्वात खात्रीशीर मार्ग.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते तेल. चरबीयुक्त पदार्थ मुळातच जठरात जास्त वेळ थांबतात, आता तर ते मुक्कामालाच येतात. स्टेशनबाहेरचा वडापाव, घाटकोपरच्या खाऊगल्लीतला चीज-बटर डोसा, भजी, फरसाण: चव तीच, पण दोन तासांनी करपट ढेकर सुरू. अगदी सोडवत नसेल तर अर्धा वडा, पाव आणि चुरा न घेता, आणि तोही इंजेक्शननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत नको. मिसळीची गंमत वेगळी. तिच्यातली मटकी हा दिवसातला सर्वात चांगला घास, तर्री आणि फरसाण हा सर्वात वाईट. मटकी घ्या, तर्री बाजूला ठेवा. कोल्हापूरकरांची आधीच माफी मागतो.

सोडायुक्त पेयांनी पोट फुगतं. दारू चढते वेगळी आणि उलटते लवकर.

औषधाचा जोर टोचल्यानंतरच्या एक ते तीन दिवसांत जास्त असतो. त्यामुळे वार निवडताना आठवडा डोळ्यासमोर आणा. ज्यांना शनिवार-रविवार घरी मिळतो, त्यांना शुक्रवारची रात्र सोयीची पडते. मळमळ झालीच तर ती घरच्या पलंगावर, विरारच्या गर्दीत दाराशी लटकताना नाही. ज्यांच्या रविवारी मटण आणि पाहुणे ठरलेले असतात, त्यांना सोमवार बरा. ठरलेला वार बदलता येतो. दोन डोसांमध्ये सेमाग्लुटाइडसाठी किमान दोन दिवस आणि टिरझेपाटाइडसाठी किमान तीन दिवस अंतर लागतं. तरी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

सकाळी उपाशीपोटी लोकलमध्ये चढू नका. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. दोन घास भाजलेले चणे, एक उकडलेलं अंडं, अर्धं केळं, काहीही चालेल. गाडीत मिळणारी आलेपाकाची वडी एखादी तोंडात धरायला हरकत नाही, आल्याने काही जणांना बरं वाटतं. मधुमेह असेल तर वडीतली साखर लक्षात ठेवा आणि साधा आल्याचा तुकडा जवळ बाळगा.

गोळीच्या रूपातलं सेमाग्लुटाइड, ‘रायबेल्सस’, घेणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे आणि तो सकाळच्या चहाच्या मुळावर येतो. गोळी उठल्याबरोबर, पूर्ण रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर म्हणजे अर्धा पेला साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची. त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, दुसरी गोळीही नाही. नियम मोडला तर औषध नीट शोषलंच जात नाही आणि महागडी गोळी वाया जाते. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच घ्यायची असते, त्यामुळे दोन्ही सुरू असलेल्यांनी वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

पाण्याचा प्रश्न, जो मुंबईत शौचालयाचा प्रश्न आहे

भुकेबरोबर तहानही मंदावते, असं अनेक जण सांगतात. शिवाय आपल्याला बरंचसं पाणी जेवणातून मिळतं, ते घटतं. उलट्या-जुलाब झाले तर आणखी घटतं. शरीरातलं पाणी फार कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि बद्धकोष्ठता तर ठरलेलीच.

पण “दिवसाला दोन लिटर प्या” हा सल्ला मुंबईतल्या बाईला देणं सोपं नाही. दीड तासाचा प्रवास, स्टेशनवरच्या शौचालयाची अवस्था, म्हणून कित्येक जणी घरातून निघताना पाणी पितच नाहीत. त्यांनी निदान पाण्याची वेळ बदलावी. ऑफिसला पोहोचल्या पोहोचल्या एक पेला, मग दर तासाला चार-पाच घोट, निघण्याआधीच्या तासाभरात कमी, घरी आल्यावर पुन्हा. जेवताना गटागट पिऊ नये, पोटातली जागा पाण्यानेच भरते. ताक इथे दुहेरी कामाचं: पाणी, थोडं मीठ, थोडं प्रोटीन. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा.

पेरू, पपई, भेंडी, गवार, पालेभाज्या रोज हव्यात, पण चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगतं. इसबगोल डॉक्टरांना विचारून, आणि भरपूर पाण्याबरोबरच.

मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर हा भाग दोनदा वाचा

ही औषधं एकटी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाहीत. पण जोडीला इन्सुलिन असेल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी असेल, तर चित्र बदलतं. ग्लिमेपिराइड आपल्याकडे घराघरात आहे, बहुतेकदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत. ही गोळी तुम्ही किती जेवलात हे पाहत नाही. आधी तीन पोळ्यांच्या हिशेबाने ठरलेला डोस तसाच राहिला आणि खाणं अर्ध्या पोळीवर आलं, तर साखर खाली घसरते. हातपाय थरथरणं, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. हे फलाटावर झालं तर फार वाईट.

उपाय सोपा आहे: इंजेक्शन सुरू करतानाच सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा आणि डोस कमी करायचा का हे विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका. पहिले काही आठवडे घरच्या यंत्रावर साखर तपासा. पिशवीत ग्लुकोज पावडर ठेवा. साखर उतरलीच तर तीन चमचे पाण्यात घालून लगेच प्या. अशा वेळी चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

आणि मळमळ सोडून काही वेगळं होत असेल तर? पोटात तीव्र, न थांबणारी, पाठीत जाणारी कळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, दिवसभर पाणीही पोटात न ठरणं, यापैकी काहीही झालं तर “गॅस असेल” म्हणत ओवा खात बसायचं नाही. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयातले खडे असू शकतात. थेट रुग्णालय.

उपवास, चौविहार आणि दीक्षित डाएट

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण या औषधावर उलटी होते: एकादशीला काहीच जात नाही, आणि जे जातं ते साबुदाणा. भूक लागत नसल्याने कडक उपवास आता सोपा वाटतो आणि त्यातच धोका आहे, कारण तो दिवस प्रोटीनचा पूर्ण खाडा ठरतो. श्रावणात तर असे खाडे आठवड्याला दोन-तीन. उपवास करायचाच असेल तर दही, दूध, पनीर, राजगिरा, दाण्याची आमटी आणि थोडी भगर, असं ताट लावा. साबुदाणावडा नको.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत जैन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची त्यांची रीत मंद जठराला अगदी मानवणारी आहे. मात्र चौविहारात सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असतं, त्यामुळे दिवसाचं पाणी उजेडातच पुरं करावं लागतं. पर्युषणातले सलग उपवास इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरू नयेत.

आणि महाराष्ट्राचा खास विषय: डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची, मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत. ती पाळणारे कितीतरी जण आता इंजेक्शनही घेऊ लागलेत. माझं मत असं की दोन्ही एकत्र जुळत नाही. दोन वेळांत पोटात मावणारं अन्नच इतकं थोडं असतं की ६०-७० ग्रॅम प्रोटीन त्यात बसवणं कठीण, आणि बसवायला गेलं तर पोटावर भार. पद्धत चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे. इथे प्रश्न जागेचा आहे.

“एवढंच?”

घरातली सर्वात मोठी अडचण मात्र पोटात नसते, पंगतीत असते. ताटात अर्धी पोळी पाहून आई घाबरते, सासूबाईंना वाटतं सुनेला आपला स्वयंपाक आवडला नाही. इंजेक्शनचं सांगावं तर “ते कशाला, थोडं चालायचं की” हे ऐकावं लागतं. म्हणून बरेच जण लपवतात आणि मग आग्रहाला बळी पडून जिलबी खातात.

सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण जो स्वयंपाक करतो त्याला तरी सांगावं, कारण डब्यात काय भरायचं हे त्याच्या हातात असतं. लग्नात सुरुवातीलाच लहान ताटली घेऊन त्यात आपल्या हाताने वाढून घेतलं की आग्रहाला फट राहत नाही. गणपतीत एक उकडीचा मोदक, वर चमचाभर तूप, सावकाश. तो खाऊन पोट भरलं तर त्या वेळेचं जेवण म्हणजे तोच मोदक होता, हे मान्य करायचं आणि पुढच्या वेळी उसळ आधी. दिवाळीचा फराळ दिवसाला एक प्रकार, तोही सकाळी. चकली आणि शंकरपाळ्यांची तळणी या औषधाशी फार वैर धरते.

व्यायामाचंही थोडक्यात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी चालणाऱ्यांचं कौतुकच आहे, पण स्नायू टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही. त्यांना ओझं लागतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस डंबेल, रबरी पट्टा किंवा निदान खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पाण्याच्या बाटल्या उचलणं. प्रोटीन खाल्लं आणि स्नायूंना कामच दिलं नाही तर त्याचा उपयोग अर्धाच.

औषध थांबलं की?

खर्चामुळे, त्रासामुळे किंवा वजन उतरलं म्हणून बरेच जण मध्येच थांबतात. स्टेप-१ मधल्या लोकांचा औषध थांबवल्यानंतर वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. परत येणाऱ्या किलोंमध्ये गेलेले स्नायू त्याच प्रमाणात येतील याची हमी नसते.

सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे शेवटच्या डोसनंतर जवळपास पाच आठवडे ते रेंगाळतं. भूक एका रात्रीत परतत नाही. पहिल्या महिन्यात वाटतं, जमलं आपल्याला. दुसऱ्या महिन्यात चार वाजताचा समोसा पुन्हा आठवायला लागतो. त्यामुळे थांबवायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि थांबल्यानंतरचे निदान तीन महिने डब्याचे कप्पे आहेत तसेच ठेवा: मोठा उसळीचा, पोळी एक, चार वाजता फुटाणे. काटा महिन्यातून एकदा बघितला तरी पुरे. रेल्वे पुलाचा जिना मात्र रोजच चढायचा असतो, तिथे मांड्या काय म्हणतात तेही ऐका.